ब्रुक्सली बॉर्न यांनी नुसते प्रश्न विचारले होते

७ मे १९९८ रोजी वॉशिंग्टनमधल्या एका लहानशा सरकारी आयोगाने एक कागद प्रसिद्ध केला. त्यात एकही नवा नियम नव्हता. होते ते प्रश्न. अमुक प्रकारच्या सौद्यांची नोंद कोण ठेवतं? सौदा करणाऱ्याकडे तोटा सोसण्याइतकं भांडवल असतं का? गिऱ्हाइकाला जोखीम नीट सांगितली जाते का? फसवणूक झालीच तर काय? आमचं मत आधीच ठरलेलं नाही, आणि उद्या काही नियम केलेच तर ते पुढच्या सौद्यांना लागतील, जुन्यांना नाही, असंही त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

त्याच दिवशी अमेरिकेचे अर्थमंत्री रॉबर्ट रुबिन, फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख अ‍ॅलन ग्रीनस्पॅन आणि शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या एसईसीचे अध्यक्ष आर्थर लेव्हिट यांनी मिळून पत्रक काढलं. या कागदाबद्दल आणि त्याच्या परिणामांबद्दल आम्हाला गंभीर चिंता वाटते, असा त्याचा सूर होता. साडेपाच महिन्यांच्या आत संसदेने त्या आयोगाचे हात बांधले. वर्षभरानंतर आयोगाच्या अध्यक्ष घरी गेल्या होत्या.

त्या अध्यक्ष म्हणजे ब्रुक्सली बॉर्न. बाजाराचा नियामक नेमकं काय करतो हे समजून घ्यायला यशस्वी नियामकाचा फारसा उपयोग नाही असं मला वाटतं. त्याचं काम दिसतच नाही. जी बँक बुडालीच नाही तिची बातमी कोण छापणार? हरलेल्या नियामकाची गोष्ट जास्त शिकवते, कारण तिथे कोणी, कशासाठी आणि कुठे अडवलं हे सगळं उघड्यावर येतं.

आधी भांडण कशावरून झालं ते पाहू.

समजा तुम्ही गहू पिकवता आणि पीक निघायला चार महिने आहेत. भाव पडेल अशी तुम्हाला भीती आहे, पिठाच्या गिरणीला भाव चढेल अशी. दोघे आजच भाव ठरवून टाकता. हा वायदा. बाजारात असे वायदे होतात तेव्हा शेतकरी आणि गिरणी एकमेकांना ओळखतही नाहीत. दोघांच्या मध्ये क्लिअरिंग हाउस उभं असतं. ते दोघांकडून आधी मार्जिन, म्हणजे हमीची रक्कम, घेऊन ठेवतं आणि रोज संध्याकाळी हिशोब करतं. आज भाव तुमच्या विरुद्ध गेला तर आजच पैसे भरा, नाहीतर तुमचा सौदा तोडला जाईल. त्यामुळे तोटा साचत नाही. भाव काय चाललाय हेही सगळ्यांना दिसतं.

आता दुसरा प्रकार. एका कंपनीवर १० कोटी डॉलरचं कर्ज आहे आणि व्याजदर बाजाराप्रमाणे बदलतो. ती एका बँकेशी करार करते: मी तुला दरसाल ठरीव ६ टक्के देईन, तू मला बाजारात जो दर असेल तो दे. दर ८ टक्के झाला तर बँकेने कंपनीला २ टक्क्यांचा फरक, म्हणजे २० लाख डॉलर द्यायचे. ५ टक्क्यांवर उतरला तर कंपनीने बँकेला १० लाख. मूळ १० कोटी कुणी कुणाला देत नाही, ते फक्त हिशोबापुरते. याला स्वॅप म्हणतात. यात वाईट काहीच नाही. कंपनीने आपली अनिश्चितता बँकेकडे सोपवली, इतकंच.

फरक असा की हा सौदा बाजारात होत नाही. दोन पक्ष, एक फोन आणि कपाटातला एक करार. मध्ये क्लिअरिंग हाउस नाही, मार्जिन घ्यायचं की नाही हे आपापसात ठरवायचं, आणि तिसऱ्या कुणालाही त्याचा पत्ता नाही. यांनाच ओव्हर द काउंटर किंवा ओटीसी सौदे म्हणतात. बँकेने असे करार दोन केलेत की वीस हजार, हे बँकेलाच ठाऊक.

त्यात बँका साधे स्वॅप विकून थांबल्या नाहीत. साबण आणि डायपर बनवणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बलने बँकर्स ट्रस्टकडून जो स्वॅप घेतला त्याच्या सूत्रात सरकारी रोख्यांच्या दरांचा असा गुणाकार दडलेला होता की व्याजदर थोडा चढला तरी देणं कितीतरी पटीने वाढावं. १९९४ च्या फेब्रुवारीत फेडरल रिझर्व्हने दर वाढवायला सुरुवात केली आणि एप्रिलमध्ये कंपनीने १५ कोटी ७० लाख डॉलरचा फटका जाहीर केला. प्रकरण कोर्टात गेलं. बँकेत फोनवरची बोलणी टेप व्हायची. त्या टेपा बाहेर आल्या तेव्हा कळलं, की गिऱ्हाइकाला कितीला गंडवलं याला तिथल्या लोकांनी चक्क एक लघुरूपच पाडून ठेवलं होतं. इतक्या मोठ्या कंपनीच्या वित्त विभागाला आपण काय विकत घेतलंय हे कळलं नव्हतं. त्याच वर्षी डिसेंबरात कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीने अशाच खेळात सुमारे १६० कोटी डॉलर घालवून दिवाळखोरी जाहीर केली. तो पैसा शाळांचा आणि स्थानिक कार्यालयांचा होता.

बॉर्न यांचा जन्म १९४० चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. सोळाव्या वर्षी स्टॅनफर्डमध्ये दाखल झाल्या. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण मुलींसाठीच्या कलचाचणीनंतर समुपदेशकाने नर्स व्हायचा सल्ला दिला. बाईंनी इंग्रजी साहित्यात पदवी घेतली आणि कायद्याकडे वळल्या. स्टॅनफर्डच्या लॉ रिव्ह्यू या विद्यार्थ्यांच्या कायदेविषयक नियतकालिकाच्या प्रमुख झालेल्या त्या पहिल्या महिला. १९६४ मध्ये वर्गात पहिल्या आल्या. अशा विद्यार्थ्याला सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्तींच्या हाताखाली उमेदवारी मिळायची. यांना मिळाली नाही. बाई कारकून ठेवायची तिथे अजून तयारी नव्हती. खालच्या अपील न्यायालयातल्या हेन्री एजर्टन या न्यायाधीशांनी त्यांना घेतलं. पुढे अर्नोल्ड अँड पोर्टर या वॉशिंग्टनच्या नावाजलेल्या वकिली पेढीत त्या लागल्या आणि मुलं लहान असताना अर्धवेळ काम करत असतानाच तिथे भागीदार झाल्या. सत्तरच्या दशकातल्या वकिली जगात हे जवळपास अशक्यातलं होतं.

त्यांना बाजार शिकवला तो चांदीने. टेक्सासच्या हंट बंधूंनी जगातली चांदी इतकी जमवली की १९८० च्या जानेवारीत भाव औंसाला ५० डॉलरच्या जवळ पोचला, आणि मार्चअखेर कोसळला. त्यातून निघालेल्या दाव्यात बॉर्न एका स्विस बँकेच्या वकील होत्या. मूठभर माणसं मोठे सौदे एकवटून अख्ख्या बाजाराचा भाव कसा वाकवतात हे त्यांनी वर्षानुवर्षं कागद चाळून पाहिलं होतं. पुढे पेढीतल्या डेरिव्हेटिव्ह, म्हणजे वायदे आणि स्वॅपसारख्या सौद्यांच्या, कामाची धुराच त्यांच्याकडे आली. म्हणजे नंतर त्यांचे विरोधक ज्या विषयात त्यांना अडाणी ठरवू पाहत होते, तो विषय त्यांनी पोटापाण्यासाठी केला होता.

१९९६ च्या ऑगस्टमध्ये त्या कमोडिटी फ्यूचर्स ट्रेडिंग कमिशनच्या, म्हणजे सीएफटीसीच्या अध्यक्ष झाल्या. हे वायदे बाजाराचं खातं. गहू, मका, डुकराचं मांस यांच्या वायद्यांवर लक्ष ठेवण्याच्या परंपरेतून आलेलं, त्यामुळे संसदेत त्याच्यावर देखरेख आजही कृषी समित्यांचीच. (त्या परंपरेतला एक नग सांगायलाच हवा. १९५०च्या दशकात शिकागोत दोघांनी कांद्याचा साठा हातात घेऊन भाव असा पाडला की ५० पौंडांच्या पोत्यातल्या कांद्यापेक्षा रिकामं पोतं महाग झालं. शेतकरी चिडले आणि १९५८ मध्ये संसदेने कांद्याच्या वायद्यांवर बंदी घातली. ती अजून आहे.) अर्थखातं आणि फेडरल रिझर्व्ह यांच्यापुढे सीएफटीसी म्हणजे शेतकऱ्यांचं खातं. तिथल्या अध्यक्षाने वॉल स्ट्रीटच्या बँकांना प्रश्न विचारायचे, हेच अनेकांना औचित्य सोडून वाटलं.

पण खात्याला अधिकार होता. १९९३ च्या जानेवारीत आधीच्या अध्यक्ष वेंडी ग्रॅम यांच्या काळात आयोगाने स्वॅपचे बरेच करार, ऊर्जेच्या स्वॅपसकट, नियमांतून मोकळे केले होते. पद सोडल्यावर काही आठवड्यांतच ग्रॅम एन्रॉनच्या संचालक मंडळावर गेल्या. एन्रॉन हे नाव मराठी वाचकाला नवं नाही. मोकळे केले तरी फसवणूक आणि भावात हेराफेरी याबाबतची तरतूद आयोगाने स्वॅपच्या बाबतीत हातात ठेवली होती. म्हणजे चोर पकडायची मुभा, पण पहारा द्यायची नाही. बॉर्न यांना खटकलं ते हेच. नोंदच नसेल तर चोरी झाली हे कळणार कसं? टेपा सापडल्यावर?

त्या रुजू झाल्या त्याच वर्षी सुमितोमो या जपानी कंपनीने कबूल केलं की यासुओ हामानाका या त्यांच्या तांब्याच्या व्यापाऱ्याने परवानगीशिवाय केलेल्या सौद्यांत अब्जावधी डॉलर बुडालेत. आकडा पुढे २६० कोटींवर गेला. जगातला तांब्याचा भाव तो वर्षानुवर्षं खेळवत होता. आयोगाने तपास करून १९९८ मध्ये सुमितोमोकडून १५ कोटी डॉलर वसूल केले. नियामकाच्या रोजच्या कामाचा हा नमुना: घोटाळा झाल्यावर दोन वर्षं कागद गोळा करायचे आणि शेवटी दंड. यात कुणाला काही आक्षेप नव्हता.

आक्षेप होता तो आधी विचारण्याला. नवीन असताना ग्रीनस्पॅन यांनी बॉर्न यांना जेवायला बोलावलं. तिथे ते म्हणाले, की फसवणुकीच्या बाबतीत आपलं दोघांचं कधी जमायचं नाही. बॉर्न चकित. फसवणुकीविरुद्ध कायदा असावा यात न जमण्यासारखं काय? ग्रीनस्पॅन यांचं म्हणणं असं, की दलाल फसवतोय हे गिऱ्हाइकाच्या लक्षात येईल, तो दुसरीकडे जाईल, बाजार आपोआप निस्तरेल. हा प्रसंग बॉर्न यांच्याच बाजूने सांगितलेला आहे, हे ध्यानात ठेवू. पण ग्रीनस्पॅन यांनी जाहीरपणे जी मतं मांडली त्यांच्याशी तो मिळताजुळता आहे.

विरोधकांना मूर्ख किंवा विकाऊ ठरवणं सोपं आहे. तसं करायचं नाही. त्यांचा एक मुद्दा खरोखर वजनदार होता. अमेरिकी कायद्यानुसार मान्यताप्राप्त बाजाराबाहेर केलेला वायदा बेकायदा. उद्या सीएफटीसी म्हणाली की स्वॅप हा वायदाच आहे, तर हजारो चालू करारांची वैधता धोक्यात येईल आणि ज्याचा तोटा चाललाय तो कोर्टात जाऊन म्हणेल, करारच रद्द आहे. धंदा लंडनला जाईल हा दुसरा मुद्दा. पहिल्या मुद्द्याला कागदातच उत्तर होतं, की जुन्या सौद्यांना हात लागणार नाही. ते कुणी ऐकून घेतलं नाही.

१९९८ च्या एप्रिलमध्ये अर्थखात्याच्या बैठकीत रुबिन यांनी त्यांना थांबायला सांगितलं. त्या सुमाराचा एक फोन प्रसिद्ध आहे. आयोगातले बॉर्न यांचे सहकारी मायकेल ग्रीनबर्गर यांनी सांगितल्याप्रमाणे, ते त्यांच्या खोलीत शिरले तेव्हा बाई नुकताच फोन ठेवत होत्या आणि चेहरा पांढराफटक पडला होता. पलीकडे उपअर्थमंत्री लॅरी समर्स होते. माझ्या खोलीत तेरा बँकर बसलेत, ते म्हणतायत की तुम्ही हे केलंत तर दुसऱ्या महायुद्धानंतरचं सगळ्यात वाईट आर्थिक संकट ओढवेल, असा त्या बोलण्याचा मथितार्थ. प्रश्न विचारल्याने संकट! तरी दोनेक आठवड्यांत कागद निघाला.

आणि मग चार महिन्यांत एक उत्तर आपल्या पायांनी चालत आलं.

लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा एक खासगी फंड होता. त्याच्या भागीदारांत मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन होते, १९९७ चे अर्थशास्त्राचे नोबेल विजेते. १९९८ च्या सुरुवातीला स्वतःचं भांडवल पाचएकशे कोटी डॉलर, त्यावर उधारीने उभी केलेली मालमत्ता सव्वाशे अब्ज डॉलरच्या आसपास, आणि त्याशिवाय कपाटातले ओटीसी करार एक लाख कोटी डॉलरहून जास्त रकमेचे. ऑगस्टमध्ये रशियाने आपलं कर्ज बुडवलं, बाजार उलटे फिरले आणि फंड आचके देऊ लागला. तेव्हा धनको बँकांना पहिल्यांदा कळलं, की आपण ज्याला मोठं गिऱ्हाईक समजत होतो त्याने शेजारच्या प्रत्येक बँकेशी तसाच खेळ मांडलाय. प्रत्येकीला आपापला करार माहीत होता, बेरीज कुणालाच माहीत नव्हती. २३ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हमध्ये बँकांच्या प्रमुखांना एकत्र बसवण्यात आलं आणि १४ संस्थांनी मिळून सुमारे ३६० कोटी डॉलर घातले. बेअर स्टर्न्सने पैसे द्यायला नकार दिला. दहा वर्षांनी ती स्वतः बुडायला आली तेव्हा अनेकांना ते आठवलं.

कागदातला एक प्रश्न होता तो नोंदींचाच. १ ऑक्टोबरला संसदेच्या समितीपुढे बॉर्न म्हणाल्या की ही जागं करणारी घंटा आहे. तीन आठवड्यांत संसदेने खर्चाच्या एका जाडजूड विधेयकात तरतूद घुसवली: सहा महिने या आयोगाने ओटीसी सौद्यांबाबत नवा नियम करायचा नाही. घंटा वाजली म्हणून घंटाच काढून ठेवली. फेब्रुवारी १९९९ मध्ये टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ग्रीनस्पॅन, रुबिन आणि समर्स झळकले, जगाला वाचवणारी समिती म्हणून. बॉर्न यांनी दुसरी मुदत मागितली नाही. जूनच्या पहिल्या दिवशी पद सोडलं आणि त्या पुन्हा वकिलीकडे गेल्या. डिसेंबर २००० मध्ये क्लिंटन यांच्या सहीने कायदा झाला, आणि बँकांमधले ओटीसी सौदे सीएफटीसी आणि एसईसी या दोघींच्याही आवाक्याबाहेर गेले.

१९९८ च्या मध्यात जगभरातल्या या सौद्यांची हिशोबी रक्कम ७२ लाख कोटी डॉलर होती. २००८ च्या मध्यात ती पावणेसातशे लाख कोटींच्या आसपास गेली. हे आकडे वाचून घाबरायचं कारण नाही. मघाच्या उदाहरणातले १० कोटी आठवा, ते कुणी कुणाला देत नव्हतं. प्रत्यक्ष देणंघेणं याच्या काही टक्के. पण ते काही टक्के कुणाच्या डोक्यावर आहेत, हे माहीत नसणं घाबरण्यासारखं आहे.

एआयजी ही विमा कंपनी. तिची एक शाखा क्रेडिट डिफॉल्ट स्वॅप विकायची: तुमच्याकडचा गृहकर्जाचा रोखा बुडला तर भरपाई आम्ही देऊ, त्याबद्दल दरसाल हप्ता द्या. हा विमाच, फक्त नाव स्वॅप. विमा म्हटला असता तर गंगाजळी राखावी लागली असती. स्वॅप म्हटल्यावर ना विमा नियामक, ना वायदे नियामक, ना सुरुवातीला मार्जिन, कारण कंपनीची पत उत्तम. घरांचे भाव पडले, पत घसरली, आणि करारांतल्या बारीक अक्षरांप्रमाणे सगळ्यांनी एकदम तारण मागितलं. क्लिअरिंग हाउस असतं तर हे पैसे रोज थोडे थोडे मागितले गेले असते. लेहमन ब्रदर्स बुडाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १६ सप्टेंबर २००८ रोजी, सरकारला ८५ अब्ज डॉलर घेऊन धावावं लागलं. मदतीचा एकूण आकडा १८२ अब्जांपर्यंत गेला. ते पैसे पुढे नफ्यासकट परत आले, हेही सांगायला हवं.

बॉर्न यांचं चाललं असतं तर २००८ चं आर्थिक संकट टळलं असतं, असं काही जण लिहितात. मला ते पटत नाही. घरांच्या कर्जांचा फुगा वेगळ्या कारणांनी फुगला आणि तो फुटलाच असता. एआयजीच्या कपाटात काय आहे हे मात्र दोन-तीन वर्षं आधी कुणीतरी पाहिलं असतं. लेव्हिट यांनी पुढे आपल्या त्या भूमिकेबद्दल खंत व्यक्त केली, क्लिंटन यांनीही २०१० मध्ये आपण चुकीचा सल्ला ऐकला असं कबूल केलं. त्याच वर्षीच्या डॉड-फ्रँक कायद्याने साधे स्वॅप क्लिअरिंग हाउसमधून न्यायला लावले आणि प्रत्येक सौद्याची नोंद सक्तीची केली. गंमत अशी की हे नियम लिहायचं काम सीएफटीसीचे अध्यक्ष म्हणून गॅरी गेन्सलर यांच्याकडे आलं. २००० साली अर्थखात्यात बसून स्वॅप मोकळे करणाऱ्या कायद्याची पाठराखण केली होती ती यांनीच.

बॉर्न यांना २००९ मध्ये केनेडींच्या नावाचा धैर्य पुरस्कार मिळाला आणि संकटाची कारणं शोधणाऱ्या दहा जणांच्या चौकशी आयोगावर त्यांची नेमणूक झाली. ७ एप्रिल २०१० रोजी त्या आयोगापुढे साक्षीला आले ग्रीनस्पॅन. आता प्रश्न विचारायची पाळी बॉर्न यांची होती, आणि या वेळी ते थांबवण्याचा अधिकार खोलीत कुणालाच नव्हता. फेडरल रिझर्व्ह संकट रोखण्यात सपशेल अपयशी ठरली, असं त्यांनी ग्रीनस्पॅन यांना तोंडावर सुनावलं. चुकांबद्दल त्या दिवशी ग्रीनस्पॅन यांचा हिशोब असा होता: माझ्या धंद्यात मी ७० टक्के वेळा बरोबर होतो, ३० टक्के वेळा चुकलो.